न कापायची पानं

चिंचवड गावात मंजुळाबाईंचं घर विचारलं, तर कुणी आळीचं नाव सांगत नसे. ज्या ओट्यावर कागदांच्या चवडी आणि चवडींवर धोंडे ठेवलेले दिसतील ते घर, असं सांगत. नवरा होता तेव्हा त्या पुण्यात बुधवार पेठेत राहत. तो एका बाइंडरकडे कामाला होता, आणि छापखान्यातून आलेले मोठे कागद घड्या घालून, शिवून द्यायचं काम घरी मंजुळाबाईंकडे असे. हळूहळू पाठ चढवणं, पुठ्ठा लावणं, सगळंच हाताखालून गेलं. तो गेल्यावर त्या माहेरी, धाकट्या भावाकडे आल्या, त्या लाकडी दाब, सुरी, दाभण आणि घडी दाबायची हाडाची पट्टी घेऊनच. भावाने ओटा दिला. भावजयीने, सोजराबाईने, अर्धी पडवी दिली आणि वर रोजचं बोलणंही दिलं.

"वन्सं, घरात एवढा कागद, पन चूल पेटवाया एक कपटा घावंल तर शपथ," ती म्हणायची. "सगळा तुमी धोंड्याखाली घातलेला."

"कपटा घे की. त्या कोपऱ्यातला घे."

"त्यो? त्यो तर तुमी परवा इस्त्री केल्यावानी सरळ करून ठिवलाय. हात लावाया भ्या वाटतं."

शाळेच्या वह्या, सोसायटीची दप्तरं, देवळातल्या पोथ्या, असं मिळेल ते काम त्या करत. मग पिंपरीला औषधांचा कारखाना सुरू झाला आणि तिथल्या ग्रंथालयात येणारी परदेशी मासिकं वर्षावर्षाची एकत्र बांधायचं काम मंजुळाबाईंना मिळालं. ते मिळवून दिलं इंदुताईंनी. इंदुताई रसायनशास्त्र शिकलेल्या. अर्धा दिवस प्रयोगशाळेत आणि अर्धा दिवस ग्रंथालयात असत, आणि काम द्यायला स्वतः सायकलवरून चिंचवडला येत. आधी आधी गावातल्या बायका त्यांच्या सायकलीकडे बघायला दारात यायच्या, पुढे ते थांबलं.

मंजुळाबाईंच्या कामाची एक रीत होती. त्या काळी बरीच पुस्तकं दुकानात येत ती पानांच्या घड्या न कापताच. वाचणारा पुस्तक मांडीवर घेऊन सुरीने, नाहीतर पोस्टकार्डाच्या कडेने पानं फाडत फाडत पुढे सरके. पुस्तकाच्या तोंडाला त्यामुळे कातरलेल्या झिपऱ्यांसारखी कड येई. मंजुळाबाईंना ती कड बघवत नसे. त्यांच्याकडे बांधायला आलेल्या पुस्तकात जोडलेलं पान दिसलं, की कुणी सांगो न सांगो, त्या ते कापून देत. सुरी अशी सरळ फिरे, की कड यंत्रावर कापल्यासारखी येई. या कामाचे पैसे त्यांनी कधी लावले नाहीत. त्यांच्या हातून गेलेल्या पुस्तकात बंद पान सापडत नाही, एवढा लौकिक त्यांना पुरे होता.

सत्तावन्न सालच्या चैत्रात एका सोमवारी इंदुताई आल्या, त्या एका रुमालात गुंडाळलेलं पुस्तक घेऊन.

"हे मासिक नाही," त्या ओट्यावर टेकत म्हणाल्या. "हे मोरितासाहेबांचं आहे. जपानहून आलेत ना ते, औषध निघतं त्या बुरशीतले जाणकार. सहा महिने होते आमच्याकडे. शनिवारी मुंबईला जाणार आणि तिथून बोटीने घरी. याचा दोरा तुटलाय. मीच म्हटलं, आमच्या बाई शिवून देतील."

मंजुळाबाईंनी रुमाल सोडला. निळसर कागदाचं मऊ वेष्टण, हलकं पुस्तक, आणि कागद इतका पातळ की खालचं बोट दिसावं. पाठीजवळ चार भोकं पाडून रेशमी दोरा ओवलेला होता. तो जागोजागी तुटला होता.

"एक लक्षात ठेवा," इंदुताई म्हणाल्या, "हे उजवीकडून उघडतं. पाठ उजव्या हाताला येते. आपल्यासारखं करू नका."

"ते ठाऊक आहे. पुण्यात उर्दू किताबा बांधल्यात मी. त्यांचंही असंच."

"मग मला काळजी नाही."

सोजराबाई पदराला हात पुसत मागून डोकावली. पानावर काळ्या रेघांनी काढलेली चित्रं होती. एका बुंध्याशी छत्र्यांचा झुबका उगवला होता. "आगं बया, ही तर अळंबी!" ती म्हणाली. "आमच्या तळवड्याला वारुळावर निघत्यात आशी. जपानचं लोक बी खात्यात व्हय?"

"खातात की. हे सगळं पुस्तक अळंब्यांचंच आहे. कुठली खायची, कुठली नाही. साहेब लहानपणी हेच बघत बसायचे, म्हणून बुरशीच्या नादाला लागले, असं सांगतात." इंदुताईंनी सायकल वळवली. "बुधवारी येते मी."

मंगळवारी सकाळी मंजुळाबाई कामाला बसल्या. तुटलेला दोरा काढला, वेष्टण बाजूला ठेवलं, पानं सुटी केली. चाळीसेक पानं असतील. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की एकही पान कापलेलं नाही. प्रत्येक पान म्हणजे एक दुहेरी घडी, घडीची दुमड तोंडाकडे आणि मोकळ्या कडा पाठीकडे. पुस्तक तर जुनं, बघून बघून कोपरे मऊ झालेले.

"एवढी वर्षं वापरलं, आणि एक पान कापलं नाही कुणी," त्या म्हणाल्या.

"आळशी आसतील तिकडलं बाइंडर," सोजराबाई आतून म्हणाली. ती गहू निवडत होती.

घडीच्या बरोबर दुमडीवर, प्रत्येक पानावर, काळ्या शाईची एक उभी ओळ होती. वर माशाच्या शेपटीसारखी खूण, खाली एकदोन अक्षरं, निम्मी या बाजूला, निम्मी त्या बाजूला. मंजुळाबाईंनी छापखान्यांचे कागद आयुष्यभर हाताळले होते. कागदावर छापणाऱ्याने बांधणाऱ्यासाठी खुणा ठेवलेल्या असतात. इथे दुमडा, इथे कापा, हा कागद आधी, तो नंतर. ही शेपटी त्यांना तशीच खूण वाटली. कापायचं कुठे, ते दाखवून ठेवलंय. दाखवूनही कुणी कापलं नाही.

पहिली घडी त्यांनी सुरीने उघडली. आतली बाजू कोरी निघाली. त्या क्षणभर थांबल्या. मग कागद उजेडात धरला आणि मान हलवली. एवढ्या पातळ कागदाच्या दोन्ही बाजूंनी छापलं तर शाई पलीकडे उतरणारच. म्हणून एक बाजू कोरी सोडली असणार. साहेबाला टिपणं लिहायला जागाही झाली. त्यांनी पट्टी ठेवली आणि शेपटीच्या मधोमध सुरी ओढली, मग पुढची घडी, मग पुढची. एकाही पानाची कड फाटली नाही की खालीवर गेली नाही. दुपारपर्यंत निर्वासितांच्या कँपातल्या कापडवाल्याकडून आणवलेल्या रेशमी दोऱ्याने पुस्तक शिवून झालं, चार भोकं तीच, पाठ उजवीकडे. इतकं देखणं काम बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. त्यांनी ते सोजराबाईलाही दाखवलं.

बुधवारी इंदुताई आल्या, त्यांनी पुस्तक हातात घेतलं, शिवण बघून "वा" म्हणाल्या आणि पानं उलटली. दोन पानं छापलेली. मग दोन कोरी. मग पुन्हा दोन छापलेली. त्यांनी एका पानाच्या कडेवरून बोट फिरवलं. पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"काय झालं?" मंजुळाबाई म्हणाल्या. "उजवीकडेच आहे पाठ."

"पाठ बरोबर आहे." इंदुताईंचा आवाज उतरला होता. "मंजुळाबाई, घड्या तुम्ही कापल्या?"

"बंद होत्या सगळ्या."

"त्या बंदच असतात. तसंच ते पुस्तक असतं. पान म्हणजे ती अख्खी घडी. आपल्याकडे एका कागदाच्या दोन बाजू, तसं त्यांच्याकडे एका घडीच्या दोन बाजू."

"म्हंजी पोकळ पान?" सोजराबाई दारातूनच म्हणाली.

"पोकळच. मला ठाऊक होतं. साहेबांनीच एकदा दाखवलं होतं. आणि मी तुम्हाला पाठ कुठली ते सांगितलं आणि हे सांगायचं राहिलं."

मंजुळाबाईंनी पुस्तक मागून घेतलं. कापलेल्या कडेकडे बघत राहिल्या. ती सरळच होती.

"असं का करतात पण?" त्यांनी विचारलं. काय झालं ते नीट कळल्याशिवाय त्यांना पुढचं सुचणार नव्हतं, आणि हे इंदुताईंना माहीत होतं. म्हणून त्यांनी साहेबांकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. हे पुस्तक यंत्रावर छापलेलं नाही. एका घडीच्या दोन्ही बाजू मिळून लाकडाची एक फळी, तिच्यावर अक्षरं आणि चित्रं उलटी कोरायची. फळीला शाई लावायची, वर कागद पालथा घालायचा आणि बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या चपट्या गादीने कागदाची पाठ घासायची. घासून घासून शाई कागदाला लागते. मागची बाजू अशी घासलेली, म्हणून तिकडे छापत नाहीत. कागद मधोमध दुमडून ती बाजू आत झाकून टाकतात. दुमडीवरची शेपटी असते ती घडी नेमकी कुठे घालायची त्यासाठी, आणि खालच्या अक्षरांत पुस्तकाचं नाव आणि पानाचा आकडा.

"त्यांच्याकडे खिळे नव्हते?" मंजुळाबाईंनी विचारलं. शिशाच्या अक्षरांना त्या खिळेच म्हणत.

"होते ना. साडेतीनशे वर्षांमागे कोरियातून सुटी अक्षरं आली. पाद्र्यांनीही एक छापखाना नेला, तो तर आपल्या गोव्यावरून गेला. पन्नासेक वर्षं त्यांनी सुट्या अक्षरांनी छापलं, आणि मग सोडून दिलं. परत फळ्या कोरायला लागले."

"हातचं सोडून?"

"त्यांचं लिखाण वाहतं असतं, मोडीसारखं. अक्षरात अक्षर गुंतलेलं, शेजारी बारीक अक्षरांत उच्चार लिहिलेले. फळीवर ते जसंच्या तसं उतरतं. शिवाय खिळ्यांचं पान छापून झालं की मोडावं लागतं. फळी कोठीत ठेवली की राहते. गिऱ्हाईक आलं की काढा आणि पाहिजे तेवढ्या प्रती घासा."

हे मंजुळाबाईंना एकदम पटलं. बुधवार पेठेतल्या छापखान्यात पहिली आवृत्ती संपायच्या आत खिळे मोडलेले असत आणि दुसरीसाठी अख्खं पुस्तक नव्याने जुळवावं लागे. मालक कपाळाला हात लावी. "शहाणी माणसं," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना आशा वाटली. "मग फळ्या असतील की त्यांच्या. ही पानं नवी छापून मिळतील."

"फळ्या नाहीत." इंदुताई म्हणाल्या. "साहेबांचे आजोबा नागोया गावी ज्या छापखान्यात होते, तो बंद पडला. नवी यंत्रं आली, कोरलेल्या फळ्यांना कुणी विचारेना. मालकांनी त्या वाटून टाकल्या, यांच्या घरी आल्या त्या न्हाणीघरात बंबात गेल्या. साहेब सांगतात, लहानपणी पाणी तापेपर्यंत ते फळ्यांवरची उलटी अक्षरं वाचत बसायचे. आजोबा कोरणारे नव्हते, घासणारे होते. या पुस्तकातलं प्रत्येक पान त्यांनी घासलेलं. घरात एवढी एकच प्रत राहिलीय."

पवना नदीकडून वारा आला आणि धोंड्यांखालचे कागद फडफडले.

"मी सांगते त्यांना," इंदुताई म्हणाल्या. "माझ्याकडून सांगायचं राहिलं. चूक माझी आहे."

"सुरी माझी होती."

"आन् सांगायचं तरी कशापाई?" सोजराबाई म्हणाली. "जोडा, चिकटवा आन् द्या. त्यो बोटीत बसला म्हंजी कोन कुनाला पुसतंय?"

मंजुळाबाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आज बुधवार," त्या इंदुताईंना म्हणाल्या. "शनिवारच्या आत मी पानं जोडते. तुम्ही काही सांगू नका. पुस्तक हातात देताना मीच सांगेन."

"जोडता येतील?"

"बघते. दिसणार नाही असं नाही, पण घडी होईल."

त्यांनी शिवण उसवली. सुटी पानं पुन्हा चटईवर मांडली. कुठलं अर्धं कुठल्या अर्ध्याचं, याची पंचाईत नव्हती. दोन कडा जवळ आणल्या की शेपटी पुरी होई आणि खालची अक्षरंही. अडचण होती ती जोडायच्या कागदाची. आतून पट्टी लावायची तर ती या कागदाहूनही पातळ हवी, नाहीतर तिथे मोडेल. त्यांनी पतंगाचा कागद काढून बघितला. तो ओला झाला की रंग सोडत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी इंदुताईंनी एक लहानसं पाकीट आणलं. सूक्ष्मदर्शकाची भिंगं पुसायचा कागद होता तो, जाळीसारखा विरळ. मंजुळाबाईंनी एक तुकडा फाडायचा प्रयत्न केला. तो सहज फाटेना. फाटला तेव्हा कडेला लांब लांब तंतू निघाले.

"हा कशाचा?"

"झाडाच्या सालीचा. असला कागद त्यांच्याच देशातून येतो, असं ऐकलंय."

"हा चालेल."

खळीवरून मात्र दोघींचं अडलं. मंजुळाबाई मैद्याची खळ शिजवत आणि कसर लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालत. इंदुताई मोरचुदाला नाहीच म्हणाल्या. वीस वर्षांनी कागद तिथे तपकिरी होऊन तुटेल, असं त्यांचं म्हणणं. आणि मैदाही नको, त्यातला चिवट भाग कागद ओढून धरतो आणि पान आक्रसतं. गव्हातलं फक्त पांढरं सत्त्व मिळालं तर बरं.

"तुमच्या शाळेत ह्येच शिकिवत्यात व्हय?" सोजराबाई आतून म्हणाली. "त्यो बघा मोरीत ठिवलाय पातेलंभर."

चैत्रातल्या कुरडयांसाठी तिने तळवड्याच्या माहेरचा गहू तीन दिवस भिजत घातला होता, रोज पाणी बदललं होतं, वाटून, पिळून, फडक्यातून गाळून ठेवला होता. वरचं पाणी ओतून दिलं की तळाशी घट्ट, दुधासारखा चीक. इंदुताईंनी त्यात बोट बुडवलं, चोळून बघितलं आणि हसायला लागल्या.

"हसू नगा. मीठ-हिंग घालायच्या आत न्या काय न्यायचं त्ये," सोजराबाई म्हणाली. "आन् वाटीभरच. माझ्या कुरडया हायेत त्या, तुमच्या जपानी मानसाच्या न्हाईत."

चीक मंद आचेवर शिजवला, तो काचेसारखा झाला. मंजुळाबाईंनी तो पातळ करून कुंचल्याने लावला. गुरुवारचा दिवस आणि शुक्रवारची सकाळ त्या जोडत राहिल्या. दोन कडा भिडवायच्या, शेपटी जुळवायची, आतून पट्टी ठेवायची, वर कोरडा कागद आणि धोंडा. पहिली दहा-बारा पानं वाळली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की चवड तोंडाकडे फुगतेय. एक पट्टी जाणवत नव्हती, पण सगळ्या मिळून एका बाजूला उंची धरत होत्या. तेव्हा तेवढ्याच पट्ट्या पाठीकडेही लावल्या. चवड पुन्हा सपाट बसली.

पानं पालथी घालून काम चाललं होतं. ऊन ओट्यावर तिरकं येई तेव्हा कोऱ्या बाजूवर चकाकणारे फरांटे दिसत, एकमेकांवरून गेलेले, अर्धगोल. जुना कागद शंखाने नाहीतर गोट्याने घोटलेला असला की असा चमकतो. घोटलेला असेल, असं मनाशी म्हणून त्यांनी पुढचं पान घेतलं.

शुक्रवारी दुपारी शेवटची तीन-चार पानं राहिली असताना आळीत कारखान्याची जीप शिरली. इंदुताई पुढे उतरल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं, की हे त्यांच्या मनाविरुद्ध घडलंय. मागून मोरितासाहेब आले. पन्नाशीचे, बारीक, हातात टोपी. पुस्तक कोण शिवतंय ते बघायचं म्हणून निघाले होते. थांबवायला काही कारण उरलं नव्हतं.

"वन्सं!" सोजराबाई कुजबुजली आणि दोरीवरचं लुगडं ओढून तिने ते चटईवरच्या पानांवर टाकलं.

साहेबांनी बूट काढले, वाकून नमस्कार केला आणि ओट्यावर गुडघे मोडून ताठ बसले.

"पूजा सांगाया बसल्यावानी बसलाय," सोजराबाई पदराआडून म्हणाली.

मंजुळाबाईंनी लुगड्याकडे बघितलं. लुगडं तसंच ठेवलं असतं, तर साहेब चहा घेऊन उठले असते. रात्रीतून राहिलेली पानं जोडून झाली असती. मग उद्या स्टेशनवर घाईगर्दीत पुस्तक हातात देऊन सांगायचं, की सांगायचंच नाही, तेही उद्यावर गेलं असतं. त्यांनी लुगडं उचलून मागे ठेवलं. एका घडीची दोन सुटी अर्धुकं साहेबांसमोर मांडली आणि त्यांच्याकडे बघूनच, मराठीत म्हणाल्या, "हे मी कापलं. सगळी पानं कापली. कापायचं नसतं हे मला माहीत नव्हतं. आता जोडतेय."

इंदुताईंनी इंग्रजीत सांगितलं. पण साहेबांना त्याआधीच समजलेलं दिसत होतं. त्यांचे हात मांडीवर होते ते तसेच राहिले. मग त्यांनी एकच शब्द विचारला.

"का, विचारतात," इंदुताई म्हणाल्या.

मंजुळाबाईंनी बोटाने शेपटी दाखवली. "मला वाटलं, कापायची खूण आहे. आमच्याकडे बंद पान ठेवत नाहीत."

साहेबांनी जोडून झालेली चवड जवळ घेतली. एकेक घडी उघडमीट करून बघितली, दुमडीवरून नख फिरवलं. चांगलं म्हणाले नाहीत की वाईट. मग सुटं अर्धुक उचललं, पालथं केलं, आणि पालथं करून थबकले. उठून ते ओट्याच्या कडेला, उन्हाच्या तिरिपेत गेले.

"ते आधीपासूनच होते!" मंजुळाबाई घाईने म्हणाल्या. "त्यांना सांगा, इंदुताई. ते घोटल्याचे फरांटे मी नाही पाडले."

साहेब वळले. पाठीमागून ऊन येत होतं म्हणून त्यांचा चेहरा दिसेना. त्यांनी उजवा हात पुढे केला आणि हवेत, जणू समोर फळी आहे अशा बेताने, तळवा खाली धरून अर्धगोल फिरवत नेला. पुन्हा उलटा आणला, आणि मग बोलायला लागले. इंदुताई वाक्यावाक्याने सांगत होत्या.

"म्हणतात, हे घासल्याचे आहेत. आजोबांच्या हाताचे. हे घडीच्या आत असतात, म्हणून त्यांनी कधी बघितले नव्हते. लहानपणापासून पुस्तक जवळ आहे, पण आत कोण बघणार. म्हणतात, इथे कोपऱ्यात दोनदा घासलंय. शाई धरली नसेल."

मंजुळाबाई उठून त्यांच्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. आता सांगितल्यावर त्यांनाही तो हात दिसायला लागला. कुठे जोर दिलाय, कुठे उचललाय. "सगळे फेरे डावीकडून चढतात," त्या म्हणाल्या. "डावखुरे होते का?"

साहेबांनी ऐकलं, विचार केला आणि मान हलवली.

"आठवत नाही म्हणतात. विचारायलाही आता कुणी राहिलं नाही."

तिघंही खाली बसली. सोजराबाईने चहा आणून ठेवला.

"रागावलेत का, तेवढं विचारा," मंजुळाबाई म्हणाल्या.

इंदुताईंनी विचारलं. उत्तर लगेच आलं. "हो, म्हणतात. पुस्तक कापलं याचं वाईट वाटतंय, आणि ते बोटीवरही वाटत राहील. तुम्ही स्वतः सांगितलंत, त्याबद्दल आभारी आहेत. आणि..." त्या अडखळल्या. "हे एक पान जोडू नका, म्हणतात. हे असंच राहू द्या."

"कापलेलं?"

"हो. उघडून बघता येईल असं."

मंजुळाबाईंना हे मुळीच आवडलं नाही. दोन दिवस त्या एकाच गोष्टीसाठी बसल्या होत्या, की पुस्तक पहिल्यासारखं व्हावं. आता त्यातच एक पान उघडं ठेवायचं, म्हणजे पुढे ज्याच्या हाती पडेल तो म्हणणार, बांधणाऱ्याला नीट जमलं नाही. "सुटं पान टिकायचं नाही," त्या म्हणाल्या. "पाठीशी फाटेल. आणि बघणारा मलाच नावं ठेवील."

"जपानात तुमाला कोन वळखतंय?" सोजराबाई म्हणाली. "वन्सं, तुमची चूक बोटीत बसून चाललीया. आमी हितं देहू-आळंदीच्या पल्याड गेलो न्हाई."

इंदुताईंना हे इंग्रजीत सांगताना हसू आवरेना. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि मग तेही हसले, आवाज न करता, खांदे हलवत. सोजराबाई लाजून आत पळाली.

मंजुळाबाई मात्र त्या दोन अर्धुकांकडे बघत होत्या. साहेबांनी आग्रह केला नाही. ते वाट बघत होते. अखेर मंजुळाबाईंनी कुंचला उचलला, बाकीच्या घड्या जोडल्या आणि त्या दोन अर्धुकांच्या तोंडाला खळ लावलीच नाही. पाठीकडे मात्र त्यांनी सालीच्या कागदाची पट्टी दुहेरी लावली, दोऱ्याचा ताण तिच्यावर यावा म्हणून. कड हाडाच्या पट्टीने हलकेच दाबून घेतली, म्हणजे तंतू सुटणार नाहीत.

खळ वाळेपर्यंत साहेब बसून राहिले. मधे एकदा त्यांनी धोंडा उचलून वजन बघितलं आणि कौतुकाने खाली ठेवला. ऊन ओट्यावरून उतरलं तेव्हा मंजुळाबाईंनी चवड ठोकून सारखी केली, जुन्या भोकांतून रेशमी दोरा ओवला, पाठीवरून वळसा घेतला आणि गाठ आत सारली. पुस्तक दोन्ही हातांनी पुढे केलं, पाठ उजवीकडे.

साहेबांनी ते उघडलं. पानं उलटत त्या पानाशी आले, दोन बोटांनी कड उचलून आत बघितलं, मिटलं आणि पुस्तक रुमालात बांधलं. उठून पुन्हा वाकले.

"त्यांना म्हणावं," मंजुळाबाई म्हणाल्या, "बोटीत खालच्या खोलीत ठेवू नका. ओल असते. अंगाजवळच्या पिशवीत ठेवा. घरी गेल्यावर महिन्यातून एकदा वारा दाखवा, ऊन नको. नाहीतर बुरशी धरेल."

इंदुताईंनी सगळं सांगितलं, शेवटच्या वाक्याशी थोडं थांबल्या आणि तेही सांगितलं. साहेबांनी टोपी छातीशी धरली आणि अतिशय गंभीरपणे उत्तर दिलं.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, बुरशीचं तुम्ही माझ्यावर सोपवा."

मंजुळाबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे रोखून बघितलं. "तरी वारा दाखवा म्हणावं," त्या म्हणाल्या, आणि चटईवरचे कपटे गोळा करायला वाकल्या.